दोनशे चौदा जणींचा एकच श्वास

सायकलवरचं इंग्रजी उत्तर मी गेली चाळीस वर्षं शिकवतो आहे आणि मला सायकल येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे बघून हसायला नको.

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमचा क्लास आहे. पुढच्या दोन खोल्यांत क्लास आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. परदेशात जाणाऱ्या नर्सेसना इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातल्या बोलण्याच्या भागाची तयारी मी करून घेतो. या भागात अगदी साधे प्रश्न असतात. तुम्हाला सायकल चालवायला आवडते का? लहानपणी सायकल होती का? कोणी शिकवली? प्रश्न साधे असतात म्हणूनच घात होतो. अपघाताच्या पेशंटला सलाईन लावताना जिचा हात हलत नाही, ती पोरगी 'डू यू लाइक सायकलिंग?' म्हटलं की 'येस सर, आय लाइक' एवढं बोलून छताकडे बघत बसते. तेव्हा पाठांतराला पर्याय नाही, असं माझं स्वच्छ मत होतं आणि बरंचसं अजूनही आहे.

पण पाठांतर कागदावरून नाही. मी म्हणायचं, मग त्यांनी म्हणायचं. मी जिथे हळू होतो तिथे त्यांनी हळू व्हायचं, मी जिथे घाई करतो तिथे त्यांनी घाई करायची. गाणं शिकवणारे शिष्याला समोर बसवून गळ्यातून गळ्यात देतात, तसं. आमच्या गावाला या पद्धतीचं नवल नाही.

उत्तर असं आहे: "येस, आय लव्ह सायकलिंग. आय लर्न्ट इट व्हेन आय वॉज इलेव्हन, ऑन अ रोड आउटसाइड अवर व्हिलेज. माय फादर हेल्ड द कॅरिअर. ही वॉज रनिंग बिहाइंड मी, अँड..." इथे थांबायचं. श्वास रोखायचा. मग म्हणायचं, "आय वॉज ऑन माय ओन!" त्यानंतर ओढा, चढ, वारा आणि माळावरचं आंब्याचं झाड अशी सहा वाक्यं, की उत्तर संपलं. त्या 'अँड'नंतर का थांबायचं, हे मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिथे थांबलं की कानाला बरं वाटायचं, एवढंच.

ऑगस्टातल्या एका सकाळी एस्तेर आवळे चप्पल न काढताच आत आली. ही आमच्या गल्लीतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. माझी बायको त्रिशला हिला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तिला आता काही उमगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते मान्य करून टाकलं. एस्तेर रोज सात वाजता येऊन तिच्या हातापायांना व्यायाम द्यायची आणि त्या बदल्यात मी एस्तेरची परीक्षेची तयारी करून घ्यायचो. घरात चप्पल घालून फिरणाऱ्यातली ती नव्हे.

"सर, माझा रिझल्ट रोखलाय ओ," ती म्हणाली. "मी कानात मशीन घालून बसले होते म्हणं! सायकलच्या उत्तराला!"

मी पत्र वाचलं. 'उमेदवाराने छुप्या उपकरणाच्या साहाय्याने उत्तर दिल्याचा संशय. चौकशी सुरू.' संशय खरा ठरला तर पाच वर्षं परीक्षेला बंदी. आयर्लंडमधल्या ज्या हॉस्पिटलानं तिला नोकरी देऊ केली होती, त्यांची मुदत तीस तारखेला संपत होती. तिचा नवरा डॅनियल तिथेच नर्स आहे. लग्नानंतर अकरा दिवसांनी तो गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली. ही तिची परीक्षेची तिसरी खेप होती.

"पाच वर्षं म्हटल्यावर काय राहिलं सर?" ती पायरीवरच बसली. "तो तिकडं, मी इकडं. फोनवर संसार करायचा व्हय?"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "उत्तर माझं आहे. मी सांगतो त्यांना." आणि तशा प्रसंगातही मला आतून थोडं बरंच वाटलं. एखाद्याचं पाठांतर इतकं सुंदर झालं की परीक्षकांना ते माणसाचं वाटेना, ही मास्तराची पावतीच की!

मी परीक्षा मंडळाला फोन केला आणि अर्धा तास भांडलो. तिसऱ्या दिवशी पुण्याहून एक बाई क्लासमध्ये हजर झाल्या. डॉ. अनघा रिसबूड, वय पस्तिशीच्या आसपास, खांद्याला पेटी. आवाज मऊ, पण एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही असा. त्यांनी माझ्या टेबलावर पातळ पडदा उभा केला.

"सर, 'कान' म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

ठाऊक होतं, पण नावापुरतंच. गेल्या आठ महिन्यांपासून तोंडी परीक्षेत माणसाच्या जोडीला एक यंत्र बसतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पोरी त्याला 'कान' म्हणतात.

रिसबूडबाईंनी मला ते शाळेतल्या मुलासारखं समजावून सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपण स्वतः केलेली एखादी हालचाल आठवून सांगायला लागलो की शरीर ती गुपचूप पुन्हा करत असतं. पोहल्याची आठवण सांगताना खांद्याच्या स्नायूंना मेंदूकडून बारीक बारीक हुकूम सुटतात. खांदा हलत नाही, हुकूम फार दुबळे असतात. पण छातीखालचा श्वासाचा पडदा त्या हुकमांच्या तालात सामील होतो. चढ चढल्याची आठवण असेल तर श्वास केसाएवढा आखूड होतो, उताराची असेल तर सैल पडतो. आणि आपण बोलतो ते श्वासावरच, त्यामुळे हे सगळं आवाजात उतरतं. माणसाच्या कानाला ते ऐकू येणं शक्य नाही. यंत्राला येतं. पाठ केलेलं बोलताना श्वास वाक्याच्या मागून जातो. जगलेलं बोलताना वाक्य श्वासाच्या मागून जातं. कान हा फरक ओळखतो.

"पाठ केलेलं सापडलं तर शिक्षा नसते," त्या म्हणाल्या. "त्या एका उत्तराचे गुण जातात, बाकीचे राहतात. आमची अडचण वेगळी आहे. एस्तेर यांचं उत्तर पाठ केलेलं वाटतच नाही. बघा."

पडद्यावर एक रेघ आली. आधी सपाट, मग किंचित खाली, मग हळूहळू वर चढत गेलेली.

"त्यांच्या श्वासावरून यंत्रानं काढलेला हा रस्ता. इथे सायकल सपाटीवरून चालली आहे. इथे खोलगट भाग आहे, बहुधा ओढा. इथून चढ सुरू. ही पायडलची लय. आता हे बघा."

त्या रेघेवर दुसरी रेघ आली, मग तिसरी, मग दहा, मग इतक्या की मोजता येईनात. आणि त्या सगळ्या एकमेकींवर अशा बसल्या की पडद्यावर शेवटी एक जाड रेघ तेवढी दिसत राहिली.

"आठ महिन्यांत सांगली-कोल्हापूर भागातून आलेल्या दोनशे चौदा मुली," रिसबूडबाई म्हणाल्या. "यांतल्या दीडशेहून अधिक जणींना सायकल येत नाही, आम्ही विचारून घेतलं. तरी सगळ्या एकाच रस्त्यावरून, एकाच सायकलवरून, एकाच पायांनी गेल्या आहेत. आणि इथे..." त्यांनी बोट ठेवलं. "इथे दोनशे चौदाच्या दोनशे चौदा जणी श्वास रोखतात. वाक्याच्या मध्येच. तिथे व्याकरणाचं काही कारण नाही."

ते बोट 'अँड'नंतरच्या जागेवर होतं. चाळीस वर्षं त्या जागेवर मी टेबलावर लाकडी पट्टी आपटत आलो होतो.

"हल्ली गळ्याला चिकटवायची एक पट्टी मिळते," त्या पुढे म्हणाल्या. "एका माणसाची लय ती दुसऱ्याच्या गळ्यात उतरवते. आमच्या लोकांना वाटतं, तेच झालं आहे. निव्वळ तोंडी शिकवण्यातून श्वास एवढा तंतोतंत उतरतो, असं आजवर कुठे नोंदलेलं नाही. उतरला असेल, तर त्याचा मूळ माणूस असायला हवा. तो सापडला तर हे पाठांतर ठरेल आणि दोनशे चौदाही मुली सुटतील. नाही सापडला, तर माझा नाइलाज आहे."

"सापडला की," मी छाती पुढे काढून म्हणालो. "तुमच्या समोर बसलाय."

त्यांनी माझ्या छातीला एक मऊ पट्टा बांधला, गळ्याशी बटणाएवढा माइक लावला. एस्तेर दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी घसा साफ केला आणि उत्तर म्हटलं. इतकं छान मी ते आयुष्यात म्हटलं नसेन.

रिसबूडबाईंनी माझी रेघ मुलींच्या रेघेशेजारी ठेवली. "सर, तुम्ही सायकल चालवता?"

"नाही," मी म्हणालो. "गरज पडली नाही कधी. लहानपणी एकदा पडलो, त्यानंतर..."

"हा श्वास मूळचा तुमचाही नाही. मुलींपेक्षा मुळाच्या बराच जवळ, पण उसना. तुम्ही कुणाकडून शिकलात हे?"

चाळीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं. सुरुवातीची तीन वर्षं बोलण्याचा वर्ग त्रिशला घ्यायची. मी पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे ग्रामर शिकवायचो आणि पार्टिशनवरून तिचा आवाज यायचा. रोज संध्याकाळी सायकल, रोज ओढा, रोज आंब्याचं झाड. बॅचेस वाढल्या तेव्हा मी म्हटलं, 'बोलण्याचा वर्ग सरांनी घेतला की वजन पडतं.' तिला प्रवेशाच्या टेबलावर बसवलं आणि तिचं उत्तर उचलून मी शिकवायला लागलो. पुढे ते माझंच आहे असं मला वाटायला लागलं. लाज वाटते हे लिहिताना, पण तसं झालं.

"माझी बायको," मी म्हणालो. "पण तिचा काही उपयोग नाही. ती मागच्या खोलीत आहे. बोलत नाही. समजत नाही तिला काही."

"समजतं सर!" एस्तेर दारातून म्हणाली. "दोन वर्षं झाली, रोज सांगतेय मी. पाय वर घ्या म्हटलं की मॅडम आधी श्वास घेतात. पाय उचलत नाही, पण श्वास घेतात. तुम्ही कधी बघायला थांबलाय?"

मी थांबलो नव्हतो.

त्रिशला खाटेवर उशांना टेकून पडली होती, डोळे खिडकीकडे. रिसबूडबाई तिच्यासमोर खाली वाकल्या, नमस्कार केला, आपण कोण, कशाला आलो ते सगळं सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. मग पट्टा बांधू का, असं विचारून क्षणभर थांबल्या आणि बांधला. आमच्याकडे येणारे सगळे जण असलं काही मला विचारत आणि मी परस्पर उत्तर देत असे.

"सर, तुम्ही म्हणा. त्या ऐकतील."

मी सुरुवात केली. 'येस, आय लव्ह सायकलिंग.' पडद्यावर रेघ सरळ होती, माझ्या अपेक्षेप्रमाणे. 'ऑन अ रोड आउटसाइड अवर व्हिलेज,' मी म्हटलं आणि रेघ हलली.

आधी मला वाटलं, पट्टा सरकला. पण ती लयीत हलत होती. ओढ्याचं वाक्य माझ्या तोंडी येण्याआधीच ती खाली उतरली आणि मी ओढ्यापाशी पोहोचेपर्यंत चढाला लागली. त्रिशलाचा चेहरा तसाच होता, खिडकीकडे. नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. आणि पडद्यावर एक मुलगी सायकलवरून निघाली होती, जिला मी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं.

"याच त्या," रिसबूडबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते लपवत नव्हत्या. "याच मूळ. आणि त्या ऐकताहेत, सर. प्रत्येक शब्द ऐकताहेत."

एस्तेर एकदम खाली बसली आणि तिनं त्रिशलाचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. मी दाराची चौकट धरून उभा होतो. दोन वर्षं या खोलीत मी तिच्यासमोर काय काय बोललो होतो ते सगळं मला आठवायला लागलं. तिच्या उशाशी उभा राहून मी मुलाला फोनवर सांगितलं होतं, 'आता काय, दिवस मोजायचे.'

"आता एकच गोष्ट राहिली," रिसबूडबाई म्हणाल्या. "मूळ माणूस म्हणून नोंद करायची तर यांची स्वतःची संमती हवी. नवऱ्याची चालत नाही."

"पण ती बोलणार कशी?"

"बोलायची गरज नाही." त्या त्रिशलाकडे वळल्या. "मॅडम, मी प्रश्न विचारते. उत्तर 'हो' असेल तर मनातल्या मनात सायकल चालवा. 'नाही' असेल तर सायकल उभी करून पायरीवर स्वस्थ बसा. जमेल?"

रेघ चालायला लागली.

"तुमचं नाव त्रिशला मगदूम?" रेघ चालली. "आपण आता मुंबईत आहोत?" रेघ थांबली, अगदी सपाट. "या एस्तेर तुमच्या ओळखीच्या आहेत?" रेघ इतक्या जोरात निघाली की एस्तेर रडता रडता हसली.

"मॅडम, दोनशे चौदा मुलींनी म्हटलेलं हे उत्तर तुमचं आहे. तुमच्या नावावर त्याची नोंद करू का?"

रेघ सपाट.

रिसबूडबाईंनी पुन्हा विचारलं, शब्द बदलून, सावकाश. रेघ सपाट. श्वास चालू होता, शांत, पायरीवर बसलेल्या माणसाचा.

"अगं, असं काय करतेस?" माझा तोल सुटला. "या पोरीचं वाटोळं होईल! पाच वर्षं बंदी घालतील तिला! हो म्हण की!"

सपाट.

"ओरडू नका सर," एस्तेर म्हणाली. "नको म्हणत असतील तर नको. माझ्यासाठी त्यांच्यावर जबरदस्ती नको. मी कळवते डॅनियलला."

"नकार स्पष्ट आहे," रिसबूडबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारायची मला परवानगी नाही, प्रश्नच बदलला तर गोष्ट वेगळी." त्यांनी पट्ट्याच्या बंदाला हात घातला.

एस्तेरचं वाईट त्रिशला कधी चिंतणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. मग 'नाही' कशाला? उत्तर तिचंच, आवाज तिचा, रस्ता तिचा. मी मनातल्या मनात उत्तर पुन्हा म्हणून बघितलं आणि तिसऱ्या वाक्याला अडखळलो. ते वाक्य तिचं नव्हतं. माझं होतं.

क्लास सुरू केला त्या वर्षी तिनं हे उत्तर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यात 'फादर' नव्हताच. तिच्या वडिलांनी मुलीच्या जातीला सायकल नको म्हणून सांगितलं होतं. तिची आई पहाटे, धारा काढायच्याही आधी, नवऱ्याची सायकल हळूच बाहेर काढायची आणि दोघी वेशीबाहेर जायच्या. लुगड्याचा काचा मारून ती बाई कॅरिअर धरून पोरीच्या मागे पळायची. पंधरा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. त्रिशलानं मला हे हसत हसत वाचून दाखवलं होतं. माझे वडील तेव्हा पुढच्या खोलीत बसून क्लास ऐकत. मी म्हटलं, 'आईबिई कशाला? फादर कर. सुनेची आई काचा मारून रस्त्यानं पळत होती, हे मुलींना पाठ करून द्यायचं का? आणि एक्झामिनरला फादरच बरा वाटतो.' तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खोडून फादर लिहिलं. विषय संपला, असं मी समजलो होतो.

"थांबा," मी रिसबूडबाईंना म्हणालो. "उत्तरात चूक आहे. मी केलेली."

मी खाटेपाशी गेलो. तिच्या डोळ्यांसमोर येईन असा वाकलो. उच्चार कसे येत होते ते विचारूच नका.

"माय मदर हेल्ड द कॅरिअर," मी म्हणालो. "शी वॉज रनिंग बिहाइंड मी, अँड..."

आणि थांबलो. पट्टी आपटण्यासाठी नाही. मला पुढे बोलवलंच नाही.

रेघ धावत आली आणि थांबली. श्वास रोखला गेला. दोनशे चौदा जणींनी जेवढा रोखला होता त्याहून लांब, कितीतरी लांब. एस्तेर उठायला निघाली, नर्सच ती. मग तो सुटला आणि रेघ चढाला लागली.

"हे ऐका," रिसबूडबाई म्हणाल्या. त्यांनी यंत्राला काहीतरी सांगितलं आणि पडद्यावरच्या रेघेचं आवाजात रूपांतर झालं. पायडलची संथ लय. आणि तिच्याखाली, अगदी पुसट, दुसरा एक ठोका. जलद, अनियमित, धपधप.

"हा ठोका त्या सगळ्या मुलींमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "इतका पुसट की आम्ही तो यंत्राचाच दोष धरला होता. दोनदा दुरुस्तीला पाठवलं यंत्र." त्यांनी यंत्राचा आवाज वाढवला. "ही मागून धावणारी पावलं आहेत, सर. सायकलवरची मुलगी ती सारखी कान देऊन ऐकत होती. त्यांचा ताल तिच्या श्वासात बसून राहिला. आणि हे बघा, ती कुठे थांबतात."

पावलं 'अँड'पाशी थांबत होती. तिथे आईनं कॅरिअर सोडलं होतं. मागचा आवाज बंद झालेला मुलीला कळला आणि तिनं श्वास रोखला. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका पहाटेचा तो श्वास. माझ्या सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना सही करता येत नव्हती. आणि त्यांच्या पावलांचा आवाज आयर्लंडात, न्यूझीलंडात, कुठे कुठे रात्रपाळ्या करणाऱ्या पोरींच्या गळ्यांत जिवंत होता, त्या पोरींच्याही नकळत. मी देवळात जाणारा माणूस आहे, पण इतकं लहान मला कुठल्याच गाभाऱ्यात वाटलं नव्हतं.

"प्रश्न बदलते," रिसबूडबाई म्हणाल्या. "मॅडम, तुमच्या आईनं तुम्हाला सायकल शिकवली. ती हकिकत तुमच्या नावानं, जशी घडली तशी, नोंदवू का?"

रेघ निघाली. विचारायच्या आधीपासूनच ती निघालेली होती, असं मला वाटलं.

रिसबूडबाईंनी तिथेच बसून अहवाल लिहिला. 'उपकरण नाही. पाठांतर. मूळ व्यक्ती उपस्थित, संमती प्रत्यक्ष.' सायकलच्या उत्तराचे एस्तेरचे सगळे गुण गेले. उरलेल्यांची यंत्रानं बेरीज केली. लागत होते नऊपैकी सात, पडले बरोबर सात. एस्तेर दोन्ही हात तोंडावर दाबून भिंतीला टेकली. आजपासून हे उत्तर कुणी म्हटलं तर कान ते लगेच ओळखणार होता, म्हणजे माझ्या क्लासचं हुकमी उत्तर बाद झालं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, हे वाचून माझे जुने विद्यार्थी चाट पडतील.

"झालं मॅडम," रिसबूडबाई त्रिशलाला म्हणाल्या. "फार फार आभार. आता थांबलात तरी चालेल."

त्यांनी यंत्र बंद करायला बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं. रेघ थांबली नव्हती. आमचं उत्तर माळावरच्या आंब्यापाशी संपतं. दोनशे चौदा रेघा तिथे संपल्या होत्या, माझीही तिथेच संपली होती. त्रिशलाची रेघ आंब्यावरून पुढे गेली. आधी एक लांब उतार आला, श्वास सैल पडला, इतका सैल की खाटेवरचे तिचे खांदे उतरलेले आम्हाला दिसले. मग सपाटी. मग डावीकडे एक वळण, आणि पुढे पुन्हा चढ, आधीपेक्षा मोठा.

"हा भाग आमच्याकडे कुणाच्याच नोंदीत नाही," रिसबूडबाई कुजबुजल्या.

"माझ्याकडेही नाही," मी म्हणालो.

एस्तेरच्या हातात फोन वाजत होता, त्यावर डॅनियलचं नाव होतं. तिनं तो उचलला, यंत्राकडे धरला आणि पायडलची लय त्याला ऐकवत राहिली. मी खाटेपाशी जमिनीवर बसलो. इतक्या वर्षांत ती कुठवर जाऊन आली होती हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"त्रिशला," मी म्हणालो, "अजून किती लांब जायचंय गं?"

रेघ थांबली नाही. ती चढावर होती.